यंत्र आपले, परवाना कुणाचा?

(लघुउद्योजक व तंत्रज्ञांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचे शब्दांकन)



स्वदेशीचा विषय निघाला की साबण, दंतमंजन, शीतपेये यांची यादी डोळ्यांसमोर येते. ती यादी चुकीची नाही, पण अपुरी आहे. स्वदेशी ही केवळ वस्तूंपुरती मर्यादित कल्पना नाही, हे दत्तोपंत ठेंगडी यांनी आयुष्यभर आग्रहाने मांडले. आजच्या विषयातील वस्तू तर दुकानात दिसत नाही, हातात धरता येत नाही आणि खरेदीच्या कागदावर बहुधा अगदी शेवटच्या ओळीत असते; पुष्कळदा तिथेही नसते. तिचे नाव आहे 'रनटाइम लायसन्स', म्हणजे कारखान्यातील संगणकीय प्रणाली प्रत्यक्ष कामाच्या जागी चालू ठेवण्याचा परवाना.

उदाहरण म्हणून भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एक यंत्रनिर्माता डोळ्यांसमोर आणावा. त्याला हिमाचल प्रदेशातील बद्दी येथील एका औषध कारखान्याकडून बाटल्या भरण्याच्या यंत्राची मागणी आली. सांगाडा त्याच्याच कारखान्यात तयार झाला, पॅनेलची जोडणी त्याच्याच माणसांनी केली, पीएलसीचा प्रोग्राम त्याच्याच अभियंत्याने लिहिला. यंत्राशेजारी एक संगणक. यंत्र आणि संगणक या दोघांच्या मध्ये एक दुभाषी हवा असतो. पीएलसी जे आकडे बोलते ते संगणकाच्या पडद्यापर्यंत आणि नोंदवहीपर्यंत पोहोचवणारा. या दुभाष्याला 'कम्युनिकेशन सर्व्हर' म्हणतात. भोसरीत चाचण्या झाल्या. अभियंत्याच्या लॅपटॉपवर सारे सुरळीत चालले. पेढे वाटून यंत्र रवाना झाले.

बद्दीला सकाळी सातची पाळी सुरू झाली आणि बरोबर नऊ वाजता पडद्यावरील आकडे गोठले. यंत्र फिरत होते, बाटल्या भरल्या जात होत्या, पण नोंद थांबली होती. औषधाच्या धंद्यात ज्या बॅचची नोंद नाही, ती बॅच बाजारात जाऊ शकत नाही. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. अकरा वाजता पुन्हा तेच. केबल बदलली, नेटवर्कचा स्विच बदलला, अर्थिंग तपासले. दोष सापडेना, कारण दोष नव्हताच. दुभाषी ठरल्याप्रमाणे वागत होता. त्याला परवाना मिळालेला नव्हता, म्हणून तो प्रात्यक्षिकाच्या मुदतीत बोलत होता. आणि ही मुदत या क्षेत्रातील अनेक नामांकित उत्पादनांमध्ये दोन तासांची असते. लॅपटॉपवर होता तो प्रणाली तयार करण्याचा परवाना. ती चालवण्याचा परवाना वेगळा असतो, दर संगणकामागे विकत घ्यावा लागतो, आणि तो कुणी घेतलाच नव्हता.

या प्रसंगातील माणसे कल्पित आहेत. दोन तासांचे घड्याळ मात्र खरे आहे. जर्मनीतील केम्प्टन येथे तयार होणारी 'कोडेसिस' ही प्रणाली याचे सरळ उदाहरण. तिचे प्रोग्राम लिहिण्याचे साधन विनामूल्य मिळते. शुल्क आहे ते प्रत्यक्ष उपकरणावर चालणाऱ्या भागाचे. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर ती परवान्याशिवाय टाकली तर दोन तासांनी थांबते. यात लपवाछपवी काहीच नाही, अट आधीच छापलेली असते. ती न वाचणे हा खरेदीदाराचा दोष आहे, हे आधी मान्य केले पाहिजे.

आता हे कुलूप किती प्रकारचे असते, ते समजून घेणे अगत्याचे आहे. काही परवाने संगणकाच्या मागे खोचलेल्या डोंगलमध्ये असतात. डोंगल हरवले, कुणी खिशात घालून नेले, की कारखाना मुका. काही परवाने संगणकाच्या हार्ड डिस्कशी किंवा नेटवर्क कार्डाच्या क्रमांकाशी बांधलेले असतात. संगणक जळाला की नवा संगणक तासाभरात मिळतो, परवाना मात्र विक्रेत्याकडे अर्ज करून, जुना मेल्याचा दाखला देऊन परत मिळवावा लागतो. एकेकाळी परवान्याची किल्ली फ्लॉपीवर येत असे; ती फ्लॉपीवरून डिस्कवर 'हलवायची' असे, आणि नंतर कुणी अजाणतेपणी डिस्क फॉरमॅट केली की किल्लीही तिच्याबरोबर नाहीशी होई. जुन्या जाणत्या मेंटेनन्सवाल्यांना त्या पेचाची आठवण असेल.

याशिवाय मोजमापाचे कुलूप असते. किती 'टॅग', म्हणजे यंत्रातील किती नोंदी वाचायच्या, त्यावर किंमत. पाचशे बारा नोंदींचा परवाना घेतला आणि पुढच्या वर्षी आणखी दोन टाक्या जोडल्या, तर संख्या ओलांडते आणि वरच्या पायरीचा परवाना घ्यावा लागतो. किती संगणकांवरून पडदा पाहायचा, त्यावर वेगळी किंमत. एक सर्व्हर बंद पडला तर दुसऱ्याने काम उचलावे अशी व्यवस्था हवी असेल तर बहुधा दोन परवाने. आणि अलीकडे सर्वांत वेगाने पसरणारा प्रकार म्हणजे वार्षिक वर्गणी. पूर्वी एकदा पैसे भरले की ती आवृत्ती कायमची चालवता येत असे. वर्गणीत वर्ष संपले की हक्कही संपतो. जाते आपले, दाणे आपले, पण खुंटा दर वर्षी भाड्याने आणायचा, असा हा व्यवहार आहे.

हा दुभाषी मुळात इतका महत्त्वाचा का झाला, याचा इतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे. पूर्वी प्रत्येक कंपनीचे पीएलसी आपापली भाषा बोलत असे आणि पडद्याची प्रणाली विकणाऱ्या प्रत्येक कंपनीला प्रत्येक पीएलसीसाठी स्वतंत्र ड्रायव्हर लिहावा लागे. १९९६ साली या जाचातून सुटण्यासाठी काही कंपन्यांनी मिळून 'ओपीसी' हे मानक आणले. सर्वांनी एकच मधली भाषा बोलायची. कल्पना उत्तम होती आणि ती जगभर रुजली. पण ती मायक्रोसॉफ्टच्या 'कॉम' व 'डीकॉम' या तंत्रावर उभी होती. परिणामी यंत्र कोणतेही असो, त्याच्या बोलण्याचा पाया विंडोजच्या जमिनीत गेला.

याचा अर्थ काय, हे २०२१ ते २०२३ या काळात अनेक कारखान्यांना कळले. डीकॉममध्ये सुरक्षेची एक त्रुटी आढळली. मायक्रोसॉफ्टने ती टप्प्याटप्प्याने बुजवली आणि मार्च २०२३ मध्ये नवा, कडक नियम सर्वांवर बंधनकारक केला. त्रुटी खरी होती, उपायही योग्य होता. पण ज्या ठिकाणी जुनी ओपीसी प्रणाली एका संगणकावरून दुसऱ्या संगणकाशी बोलत होती आणि नव्या नियमाला अनुरूप नव्हती, तिथे विंडोजचे अद्ययावतीकरण होताच संभाषण तुटले. परवाना वैध, यंत्र धडधाकट, केबल शाबूत. आणि तरीही अबोला. शत्रुत्व कुणाचेच नव्हते. दूरच्या देशातील एका कार्यालयात घेतलेल्या, त्यांच्या दृष्टीने पूर्णपणे उचित अशा निर्णयाचा धक्का इथल्या पाळीला बसू शकतो, एवढेच त्यातून दिसले.

शत्रुत्व नसतानाही असे घडते. मग राजकारण मध्ये आले तर काय होते, याचे उत्तर २०२५ च्या जुलैमध्ये गुजरातेत मिळाले. वाडीनार येथे नायरा एनर्जीचा तेलशुद्धीकरण प्रकल्प आहे. वर्षाला सुमारे २ कोटी टन क्षमतेचा, देशातील मोठ्या प्रकल्पांपैकी एक. या कंपनीत रशियाच्या रोसनेफ्टचा ४९.१३ टक्के हिस्सा आहे. १८ जुलै रोजी युरोपीय संघाने कंपनीवर निर्बंध घातले आणि काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. ई-मेल बंद, कर्मचाऱ्यांचे आपसातील संभाषण बंद. ही कंपनी भारतात नोंदलेली, प्रकल्प भारतात, सेवा देणारी कंपनी अमेरिकेची, आणि निर्बंध युरोपचे. पूर्ण मूल्य भरून घेतलेल्या परवान्यांखालील सेवा अशा एकतर्फी थांबवल्या, अशी तक्रार घेऊन नायराने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. महिना संपण्यापूर्वी सेवा पूर्ववत झाल्या. मधल्या काळात मुंबईच्या रेडिफने ई-मेलची सोय उभी करून दिली.

इथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. बंद पडल्या त्या कार्यालयीन सेवा होत्या. शुद्धीकरणाची यंत्रणा त्यामुळे थांबली, असे नाही. पण कार्यालयातील पत्रव्यवहाराच्या जागी टाकीतील पातळी आणि भट्टीतील तापमान सांगणारा दुभाषी कल्पनेत आणून पाहावा. ई-मेलला पर्यायी पुरवठादार काही दिवसांत उभा राहिला. कारखान्याची नियंत्रण-प्रणाली बदलण्यास एवढ्या अवधीत कुणीही धजणार नाही.

कायद्याच्या अंगानेही हा विषय रंजक आहे. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या खटल्यात तयार, डब्यात मिळणारे सॉफ्टवेअर ही विक्रीकरासाठी 'वस्तू' मानली. २०२१ च्या मार्चमध्ये त्याच न्यायालयाने आयकराच्या प्रश्नावर निकाल देताना परदेशी सॉफ्टवेअर घेणाऱ्या ग्राहकाला नेमके काय मिळते, याची बारकाईने छाननी केली. निष्कर्ष असा की, त्याला कॉपीराइटमधील कोणताही हक्क मिळत नाही. मिळते ती केवळ वापरण्याची, अटींनी बांधलेली मुभा. कर भरताना वस्तू आणि वापरताना मुभा! करसल्लागारांसाठी हे दोन वेगळे प्रश्न असतील. पण ज्याने पैसे मोजले त्या उद्योजकाने हे दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचावेत.

आता एका अप्रिय गोष्टीकडे वळणे भाग आहे. हे सारे ऐकून काहींच्या मनात सोपा मार्ग येतो: परवाना तोडायचा. 'क्रॅक' टाकायचे, घड्याळ मागे फिरवायचे, दर दोन तासांनी प्रणाली आपोआप पुन्हा सुरू होईल अशी युक्ती करायची. वर त्याला देशभक्तीचा मुलामा द्यायचा की, परकीय कंपनीलाच तर बुडवले! ही स्वदेशी नव्हे. ही चोरी आहे. आणि अस्तेय हे ज्या संस्कृतीत यमांपैकी एक मानले गेले, तिचे नाव घेणाऱ्यांना ती शोभत नाही. कायदाही स्पष्ट आहे. सॉफ्टवेअरची अनधिकृत प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-ब नुसार सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

पण याहून मोठी हानी वेगळीच आहे, आणि तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. नाशिकच्या किंवा कोल्हापूरच्या एखाद्या तरुणाने मेहनतीने स्वतःचा कम्युनिकेशन सर्व्हर लिहिला आणि त्याची किंमत दहा हजार रुपये ठेवली, तर त्याचा स्पर्धक कोण असतो? दीड लाखाची परदेशी प्रणाली नव्हे. त्याचा खरा स्पर्धक असतो त्याच प्रणालीची शून्य रुपयांतील चोरटी प्रत. जिथे परकीय माल चोरून फुकट मिळतो, तिथे स्वकीय माल दहा हजारांनाही महाग ठरतो. म्हणजे क्रॅक वापरणारा परकीय कंपनीचे जेवढे नुकसान करतो, त्याहून अधिक तो घरच्या कारागिराची चूल विझवतो. परकीय कंपनीला त्याची फारशी चिंताही नसते. आज चोरून शिकलेला अभियंता उद्या मोठ्या कारखान्यात गेला की तीच प्रणाली विकत घ्या म्हणून आग्रह धरतो.

मग मार्ग कोणता? सुदैवाने तो चोखाळलेला आहे आणि बराचसा मोकळाही आहे. 'मॉडबस' हे संभाषणाचे मानक १९७९ साली अमेरिकेतील मॉडिकॉन कंपनीने आणले. २००४ मध्ये ते एका स्वतंत्र संघटनेच्या हाती सोपवले गेले. त्याचा वापर कुणीही, काहीही शुल्क न देता करू शकतो. आज इथल्या कारखान्यांतील वीज-मीटर, तापमान-नियंत्रक, मोटारींचे ड्राइव्ह मोठ्या संख्येने हीच भाषा बोलतात. 'एमक्यूटीटी' हे दुसरे. १९९९ साली तेलाच्या वाहिन्यांवरील आकडे उपग्रहामार्फत थोड्या खर्चात पाठवता यावेत म्हणून ते घडवले गेले. आता ते खुले आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि त्याचा 'मॉस्किटो' हा सर्व्हर विनामूल्य मिळतो. ओपीसीनेही विंडोजची जमीन सोडली. तिची नवी पिढी 'ओपीसी यूए' कोणत्याही प्रणालीवर चालते आणि आयईसी ६२५४१ या क्रमांकाने मानक म्हणून मान्य झाली आहे.

मात्र खुले मानक म्हणजे फुकट सॉफ्टवेअर, असा गैरसमज नको. व्याकरणाचे पुस्तक खुले असते, दुभाष्याचा पगार वेगळा. ओपीसी फाउंडेशनचा स्वतःचा नमुना-कोड सभासद नसलेल्यांना जीपीएल या परवान्याखाली मिळतो. तो आपल्या यंत्राच्या प्रोग्राममध्ये गुंफून विकला तर त्या प्रोग्रामचा सोर्स कोडही ग्राहकाला द्यावा लागतो. 'ओपन६२५४१' हा दुसरा खुला कोड मोझिलाच्या परवान्याखाली आहे. त्याच्या मूळ फाइलींत केलेले बदल खुले करावे लागतात, पण त्यावर उभारलेला स्वतःचा प्रोग्राम स्वतःपाशी ठेवता येतो. यंत्रनिर्मात्याच्या दृष्टीने या दोन परवान्यांतील अंतर फार मोठे आहे. थोडक्यात, खुल्या कोडलाही परवाना असतो आणि तोही वाचावा लागतो. वाचन कुणालाच चुकत नाही.

सरकारी धोरणाने थोडी दिशा दाखवली आहे. शासनाच्या संगणकीय व्यवस्थेत खुल्या सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण केंद्राने २०१५ साली स्वीकारले. २०१७ पासून सरकारी खरेदीत देशी घटकांचे प्रमाण पाहिले जाते. पन्नास टक्के किंवा अधिक असेल तर पुरवठादार पहिल्या वर्गात गणला जातो. निर्णय स्वागतार्ह आहे. परंतु हे प्रमाण रुपयांत मोजले जाते. चाळीस लाखांच्या यंत्रात दीड लाखाचा परदेशी परवाना चार टक्केही भरत नाही. कागदावर यंत्र पहिल्या वर्गाचे देशी ठरते, आणि ते थांबवण्याची किल्ली त्या चार टक्क्यांत असते. त्याचप्रमाणे वीज मंत्रालयाने जुलै २०२० मध्ये आयात उपकरणांत घातक सॉफ्टवेअर दडलेले नाही ना, याची तपासणी सक्तीची केली. पण मुदत संपलेला परवाना घातक सॉफ्टवेअरच्या व्याख्येत बसत नाही. तो कुठल्याच तपासणीत सापडणार नाही, कारण तो कायदेशीर आहे.

वापरावर अटी घालण्याचा अनुभव या देशाला नवा नाही. ऐंशीच्या दशकात अमेरिकेकडून महासंगणक मिळाला तो क्रे एक्स-एमपी, आणि तोही केवळ हवामानाच्या अंदाजासाठी. यंत्र भारतात, वीज भारताची, पण त्यावर काय चालवायचे हे ठरवणार दुसरे. दुसऱ्या शब्दांत, तोही एक रनटाइम परवानाच होता. त्यातून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा राहिला. त्यातील ट्रान्सप्युटर चिप ब्रिटनमधील इनमॉस कंपनीची होती, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. प्रत्येक खिळा स्वतःच घडवावा, असा स्वदेशीचा हट्ट कधीच नव्हता. चिपा एकमेकींशी जोडून त्यांच्याकडून एकदिलाने काम करून घेण्याची विद्या मात्र इथली होती, आणि त्या विद्येवर कुणाची मुदत नव्हती. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने अणुभट्ट्यांसाठी स्वतःचे पीएलसी घडवले, ते याच जाणिवेतून. त्याही मागे गेले तर १९०८ सालचा तळेगावचा पैसाफंड काच कारखाना आहे. एकेक पैशाच्या वर्गणीतून तो उभा राहिला. तिथे काच तर झालीच, पण काच करणारी माणसेही घडली.

आज ती माणसे घडवायची तर साधने अगदी स्वस्त आहेत. एक वीज-मीटर, एक आरएस-४८५ जोडणी, जुना संगणक आणि त्यावर लिनक्स, एवढ्यावर पदविकेच्या विद्यार्थ्याला मॉडबसचा संदेश बाइट-बाइट उलगडून पाहता येतो. अनेक तंत्रनिकेतनांत आज एकाच ब्रँडचा पडदा कसा रंगवायचा हे शिकवले जाते. विद्यार्थी बटणे कुठे आहेत ते शिकतो. संभाषण कसे होते ते शिकत नाही. ब्रँड बदलला की तो कोराच. भारतीय कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ मात्र या जिज्ञासेला वाव देते: स्वतंत्रपणे तयार केलेला प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामशी बोलता यावा म्हणून आवश्यक असलेली आणि अन्यथा सहज न मिळणारी माहिती, कायदेशीर ताबा असलेल्याला शोधून काढता येते. हे कलम किती अभियंत्यांना ठाऊक आहे?

आणि भोसरीचा तो यंत्रनिर्माता? त्याने बद्दीच्या संगणकासाठी परवाना रीतसर विकत घेतला, औषध कारखान्याच्या नावावर नोंदवला आणि त्याचा भुर्दंड सोसला, असे धरून चालावे. पुढच्या यंत्राचे दरपत्रक करताना त्याने परवान्यांसाठी स्वतंत्र पान ठेवले आहे. किती परवाने, कुणाच्या नावावर, कायमचे की वर्षाचे. मुदत संपली तर यंत्र थांबते की फक्त नवी आवृत्ती मिळत नाही. संगणक जळाला तर किल्ली कोण देणार आणि किती तासांत. विक्रेती कंपनी विकली गेली तर काय. यातील शेवटच्या प्रश्नाचे लेखी उत्तर त्याने विक्रेत्याकडे मागितले आहे. शिवाय वजनकाटे आणि तापमान-नियंत्रक यांच्यापुरता परदेशी दुभाषी काढून, त्याच्या अभियंत्याने मॉडबसवर लिहिलेला स्वतःचा छोटा प्रोग्राम कारखान्याच्या मागच्या खोलीत चाचणीला लावला आहे. या वेळी चाचणी तासाभराची नाही. सलग तीन पाळ्यांची आहे, आणि पहिल्या दिवशी सकाळी नऊ वाजता सगळे जण त्या पडद्यासमोर उभे होते.